कोल्हापुरात डेव्हलपमेंटल बायोलॉजीचा निवासी, स्वतःच्या हातानं करायचा कोर्स : कोण कोण येणार?

काचेची_वाटी
रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी इथं कोल्हापुरातच पीएचडी करते, विषय डेव्हलपमेंटल बायोलॉजी, म्हणजे भ्रूणाची वाढ कशी होते ते. यंदा बाहेरच्या एका संस्थेत काही आठवड्यांचं निवासी ट्रेनिंग मिळालं, सकाळी लेक्चर, मग जे स्टिरिओसमोर (स्टिरिओ मायक्रोस्कोप) बसायचं ते जेवायची वेळ टळेपर्यंत आणि जेवून परत तिथंच. आल्यापासून डोक्यात एकच आहे की हे आपल्याकडं झालं पाहिजे आणि होऊ शकतं, म्हणून हा धागा.

आपण सगळ्यांनी एमएस्सीला चिकचे, म्हणजे कोंबडीच्या भ्रूणाचे, व्होल माउंट (अख्खा भ्रूण बसवलेल्या स्लाइड्स) बघितलेत. १८ तास, २४, ३३, ४८, ७२, रंग उडालेल्या स्लाइड्स, जर्नलमध्ये आकृती, सरांची सही, विषय संपला. त्या स्लाइडवर हृदय म्हणजे गुलाबी रंगाची वाकडी नळी. तिथं मी साधारण दीड दिवस उबवलेलं अंडं उघडलं तेव्हा तीच नळी हलत होती, रक्ताभिसरण सुरू व्हायच्या आधीच तिचं आकुंचन चालू झालेलं. इतकी वर्षं ज्याची आकृती काढत आले ते वेळेत घडतंय, आत्ता माझ्यासमोर घडतंय, हे मला तोवर खऱ्या अर्थानं कळलंच नव्हतं.

करायचं कसं ते थोडं सांगते. अंडं आडवं ठेवून उबवायचं, म्हणजे ब्लास्टोडर्म (बलकावरची भ्रूणाची पातळ चकती) वरच्या बाजूला येऊन थांबतं. उघडायच्या आधी टोकाला बारीक भोक पाडून सिरिंजनं दोन-तीन मिली पातळ पांढरं काढून घ्यायचं की ब्लास्टोडर्म कवचापासून खाली उतरतं, मग वर टेप चिकटवून बारीक कात्रीनं खिडकी कापायची. आत बघाल तर पिवळ्यावर फिकट पिवळं, काहीच दिसत नाही. सलाइनमध्ये पातळ केलेली काळी इंडिया इंक वाकवलेल्या सुईनं ब्लास्टोडर्मच्या खाली सोडली की सगळं उठून दिसतं, सोमाइटच्या, म्हणजे पाठीच्या रेषेलगतच्या ठोकळ्यांच्या, जोड्या एकेक मोजता येतात. स्टेज ठरवायची ती अशी सोमाइट मोजून, घड्याळ बघून नाही, कारण एकाच वेळी ठेवलेली दोन अंडी सारखी वाढतीलच असं नसतं. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये चिकच्या ४६ स्टेज ठरवून दिल्या त्यामागं हीच अडचण होती.

आता हे सगळं प्रोटोकॉलमध्ये छापलेलं असतं. पण सुई किती वाकवायची, ब्लास्टोडर्मच्या कडेपासून किती लांब घुसवायची, शाई कधी थांबवायची हे शेजारी बसलेल्या माणसानं माझ्या हाताकडं बघत सांगितलं तेव्हा जमलं. हात हातालाच शिकवतो आणि त्याला सलग वेळ लागतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

सलग आणि निवासी का, तर हिशेब बघा. सकाळी १० वाजता १८-१९ तासांची अंडी पाहिजेत तर आदल्या दिवशी दुपारी ३-४ ला इनक्युबेटरमध्ये जायला पाहिजेत, ३३ तासांची पाहिजेत तर आदल्या दिवशी पहाटे १ वाजता, आणि ४८ ची पाहिजेत तर दोन दिवस आधी सकाळी १० ला, शिवाय थंड जागेतून काढलेलं अंडं गरम व्हायला वेळ घेतं तो वेगळा धरायचा. झेब्राफिश घेतला तर आणखी घाई, फलनानंतर पाऊण तासात पहिलं विभाजन आणि त्यानंतर दर पंधरा मिनिटांना पुढचं, चहाला जाऊन आलात तर दोन स्टेज गेल्या. ११ ते ५ च्या कॉलेजात हे कुठं बसवणार?

जगात ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत वुड्स होलच्या मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीत एम्ब्रियॉलॉजीचा कोर्स १८९३ पासून चालतो, सहा आठवड्यांचा, चोवीसच्या आसपास विद्यार्थी. सी अर्चिनपासून (काटेरी गोल समुद्री प्राणी) माशी, चिक, उंदरापर्यंत प्राणी येत राहतात आणि प्रत्येकाबरोबर त्या प्राण्यावर आयुष्य घालवलेली माणसं येतात. लेक्चर झालं की पोरं पाहुण्या शास्त्रज्ञाला घेऊन बसतात आणि वाट्टेल ते विचारतात, त्याला तिथं स्वेट बॉक्स म्हणतात. आणि त्यासाठी अमेरिकाच पाहिजे असं नाही, चिलीत किंताय नावाच्या समुद्रकाठच्या गावात दक्षिण अमेरिकेतल्या पीएचडीच्या मुलांसाठी असाच कोर्स होतो. तिथं होतो तर इथं का नाही?

माझा विचार : डिसेंबर, दहा दिवस, बारा जण, फक्त चिक, हायड्रा (गोड्या पाण्यातला नळीसारखा बारीक प्राणी) आणि फळमाशी. बोला.

---

एमएस्सी_पार्ट_टू
रविवार, रात्री १०:१५

ताई नाद खुळा!! आमच्या बॅचमधल्या एकानंही जिवंत चिक एम्ब्रियो बघितलेला नाही. फक्त पीएचडीवाल्यांनाच घेणार का आम्हाला पण चान्स आहे?

---

निवृत्त_झूऑलॉजी
सोमवार, सकाळी ७:०५

धागा वाचून फार बरं वाटलं. मी आयुष्यभर भ्रूणशास्त्र शिकवलं म्हणून थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

ही परंपरा आपल्यापासून लांब नाही. पुण्यात लीला मुल्हेरकरांनी प्रायोगिक भ्रूणशास्त्र रुजवलं, त्या एडिंबरोला वॉडिंग्टनकडं शिकून आलेल्या होत्या. वॉडिंग्टन म्हणजे ज्यांनी १९३० च्या दशकात चिक आणि बदकाचे भ्रूण अंड्याबाहेर काचेत वाढवून दाखवलं की हेन्सनची गाठ, म्हणजे भ्रूणाची आखणी ठरवणारा पेशींचा पुंजका, दुसरीकडं लावली तर तिथं दुसरा अक्ष, म्हणजे दुसऱ्या शरीराची आखणी, तयार होतो. म्हणजे ते हात एडिंबरोहून पुण्याला आले आणि पुण्यातनं पुढं किती कॉलेजांत गेले. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी वॉच ग्लासमधला (उथळ काचेची वाटी) भ्रूण पहिल्यांदा बघितला तो त्या पुण्याच्या हातांमुळं.

दुसरं म्हणजे हा विषय मोठा केला तो तरुण माणसांनी. हिल्डे मॅन्गोल्ड पीएचडीची विद्यार्थिनी होती, विशीतली, जेव्हा तिनं स्पेमानकडं ते न्यूटचं (बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला प्राणी) रोपण केलं. एका फिकट जातीच्या भ्रूणाचा ब्लास्टोपोरच्या (पेशी आत शिरतात ते भोक) वरच्या ओठाचा तुकडा गडद जातीच्या भ्रूणात लावायचा, म्हणजे पुढं कुठल्या पेशी कुणाच्या हे रंगावरून कळतं. अवजारं काय, तर काचेच्या ओढलेल्या सुया आणि तान्ह्या बाळाच्या केसाचा फास. अँटिबायोटिक नव्हती, शेकडो ऑपरेशन्समधले मोजकेच भ्रूण जगले आणि त्या मोजक्यांवर १९२४ चा तो पेपर उभा आहे. पेपर आला त्याच वर्षी ती अपघातात गेली. स्पेमानना नोबेल मिळालं १९३५ मध्ये. मी दरवर्षी वर्गात हे सांगायचो आणि दरवर्षी मुली मान वर करून ऐकायच्या.

आणि वुड्स होलचं नाव निघालंच आहे तर अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांचा उल्लेख झालाच पाहिजे. कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ, हॉवर्ड विद्यापीठात शिकवायचे, १९०९ पासून कितीतरी उन्हाळे वुड्स होलला. अंडी कशी हाताळावीत यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, तापमान जरा चढलं, भांड्याला रसायनाचा जरा वास राहिला तरी निकाल फिरतो हे ते सांगत राहिले. १९३९ मध्ये त्यांनी समुद्री प्राण्यांच्या अंड्यांवरच्या प्रयोगांच्या साध्या पद्धतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. एवढा मोठा माणूस भांडी कशी धुवावीत यावर लिहितो, कारण प्रयोग तिथंच बिघडतो.

कोर्समध्ये पहिला दिवस फक्त काचसामान धुणं, सुया ओढणं आणि चिमटे सांभाळणं यालाच द्या. मी येईन शिकवायला, मानधन नको.

---

हॅचरीवाला_वडगाव
सोमवार, दुपारी १:३०

मी काय शास्त्राचा माणूस न्हाई, आमची हॅचरी हाय, पुतणी झूऑलॉजीला हाय तिनं हा धागा दाखवला. दोन-चार गोष्टी सांगतो.

दुकानातली अंडी आणू नका, ती लेयर फार्मची असत्यात, तिथं कोंबडाच नसतोय, उबवून उपयोग न्हाई. ब्रीडर फार्मची फलित अंडी पायजेत. ती पण सगळीच्या सगळी फलित असतील असं धरू नका, लागणार त्यापेक्षा जास्तीची घ्या. आठवड्याच्या आतली घ्या, जितकी जुनी तितकी वाढ मागं पडतीया. ठेवायची थंड जागी, १५ ते १८ डिग्री, पण घरातल्या फ्रीजमध्ये घालू नका ती लई थंड पडत्यात. गाडीवरनं आणल्यावर लगेच मशीनला लावू नका, काही तास निवांत ठेवा, हिसके बसलेले असत्यात. मशीन ३७.५ ला, खाली पाण्याचा ट्रे, आणि लाईट गेली तर काय ते आधी ठरवा.

अंडी मी देतो. पैशाचं नंतर बघू.

---

काचेची_वाटी
सोमवार, दुपारी २:१०

दादा, खूप आभार. प्रवासानंतर अंडी विसावू द्यायची हे आम्हाला तिथंही सांगितलेलं, तुम्ही ते रोजच्या कामातनं सांगताय म्हणून जास्त पटलं. पुतणीला पण बोलवा धाग्यावर.

@एमएस्सी_पार्ट_टू, बारापैकी चार जागा एमएस्सीसाठी ठेवायच्या असं माझं मत आहे. पीएचडीला लागल्यावर शिकण्यापेक्षा आधी शिकलं तर विषय निवडताना उपयोग होतो.

---

आयक्यूएसी_वाला
सोमवार, संध्याकाळी ६:४०

उपक्रम चांगला आहे, पण कॉलेजच्या आयक्यूएसीचं (गुणवत्ता समिती) काम बघतो म्हणून व्यावहारिक बाजू मांडतो. दहा दिवस आणि बारा माणसं याला परवानगी मिळवणं अवघड जातं. दोन दिवसांची कार्यशाळा ठेवा, शंभर-दीडशे नोंदणी घ्या, बाहेरचे वक्ते बोलवा, प्रात्यक्षिक स्क्रीनवर दाखवा. सर्टिफिकेट सगळ्यांना मिळेल, कॉलेजला अहवालात दाखवता येईल, आणि जास्त मुलांपर्यंत विषय पोचेल. बाराच जणांवर एवढा खर्च का करायचा हा प्रश्न कुणीही विचारेल.

---

काचेची_वाटी
सोमवार, रात्री ८:२०

सर, प्रश्न रास्त आहे, नीट उत्तर देते.

स्क्रीनवर दाखवलेलं प्रात्यक्षिक मी कितीतरी वेळा बघितलंय. न्यू नावाच्या शास्त्रज्ञाच्या पद्धतीचं कल्चर, म्हणजे बलकावरचं व्हिटेलाइन पटल भ्रूणासकट काढून काचेच्या रिंगवर ताणून वॉच ग्लासमध्ये ठेवायचं, १९५५ ची पद्धत आहे ती, त्याचे व्हिडिओ पाठ होते मला. प्रत्यक्षात पटल उलटं कसं पकडायचं, रिंगवर कडा चहूबाजूंनी सारख्या कशा ओढायच्या आणि बलकाचे कण हळू पिपेटनं कसे धुवायचे यातलं काहीही व्हिडिओनं हातात उतरलं नाही. ते उतरलं अंडी फुकट घालवून घालवून. दोन दिवसांच्या कार्यशाळेत प्रत्येकाच्या वाट्याला एक अंडं येणार, ते फाटणार, आणि तो माणूस घरी जाताना हे आपल्याला जमत नाही एवढंच शिकून जाणार. चांगली पोरं या विषयातनं अशीच बाहेर पडताना मी बघितलीत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शंभर जणांनी ऐकायचं असेल तर त्यासाठी लेक्चर आहेच, संध्याकाळची लेक्चरं सगळ्यांना खुली ठेवू, हॉल भरून जाऊ दे. पण बेंचवर बाराच. ते बारा आपापल्या कॉलेजात गेले की तिथल्या प्रॅक्टिकलला जिवंत अंडं येईल, एका वर्षात तुमच्या दीडशेपेक्षा जास्त मुलांपर्यंत ते पोचेल.

शेवटचे तीन दिवस तर मी प्रोटोकॉलच देणार नाही. प्रत्येकानं स्वतःचा एक प्रश्न घ्यायचा, लहान का असेना, आणि जे हाताशी आहे त्यातनं त्याच्यामागं जायचं. वुड्स होलच्या कोर्सचा जीवही त्यातच आहे, तयार उत्तर असलेलं प्रॅक्टिकल तिथं करतच नाहीत म्हटलं तरी चालेल.

---

तासिका_तत्त्वावर
सोमवार, रात्री ११:०२

मला यायचंय, खूप यायचंय. सेट झालेली आहे, पीएचडीचं रजिस्ट्रेशन आहे, दोन कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. आम्हाला तास घेतला तर पैसे, ड्युटी लीव्ह वगैरे प्रकार नाही. डिसेंबरात दहा दिवस गेले म्हणजे दहा दिवसांचं मानधन गेलं, शिवाय ऐन परीक्षेच्या तोंडावर गेले तर पुढच्या वर्षी बोलावतील का हीच धास्ती. अशा कोर्सना नेहमी परमनंट लोक जातात कारण त्यांना जाता येतं. आम्ही वर्गात हाच विषय शिकवतो आणि आम्हीच कुठं जाऊ शकत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ठेवता येईल का?

---

काचेची_वाटी
मंगळवार, सकाळी ८:१५

ताई, हे माझ्या लक्षातच यायला हवं होतं असं कुणी म्हणायच्या आत बदलून टाकते : दिवाळीची सुट्टी. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून. हवा पण तोवर जरा उतरलेली असते, हायड्राला बरी. आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडनं फी घ्यायची नाही.

---

पुण्यातला_कोल्हापूरकर
मंगळवार, सकाळी १०:३०

मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या पुण्यात पोस्टडॉक, हायड्रावर काम. कोर्समध्ये हायड्रा आहे हे बघून राहवलं नाही.

ज्यांना हा प्राणी साधा वाटतो त्यांच्यासाठी सांगतो, ऑर्गनायझर, म्हणजे मॅन्गोल्डच्या त्या ओठासारखा, आजूबाजूच्या पेशींकडनं नवा अक्ष घडवून घेणारा तुकडा, ही कल्पना प्रयोगात पहिल्यांदा दिसली ती हायड्रात. एथेल ब्राउननं १९०९ मध्ये एका हायड्राच्या तोंडाजवळचा तुकडा दुसऱ्याच्या अंगावर लावला आणि तिथं नवा अक्ष फुटला, तिनं पण हिरवा आणि पांढरा हायड्रा वापरला म्हणजे कुणाच्या पेशी कुठल्या ते कळावं. मॅन्गोल्डच्या पेपरच्या पंधरा वर्षं आधी. आणि त्याच्याही मागं जायचं तर १७४० च्या दशकात ट्रेम्बली हायड्राचे तुकडे करून ते परत वाढताना बघत बसलेला.

शिकायला यासारखा प्राणी नाही. डोकं कापलं की दोन-तीन दिवसांत नवे टेंटॅकल्स, म्हणजे कोर्सच्या आत निकाल दिसतो. दोन तुकडे जोडायचे असतील तर बारीक नायलॉनच्या दोऱ्यात किंवा केसात ओवून एकमेकाला टेकवून ठेवायचे, थोड्या वेळात चिकटतात. ज्यांचा हात बसेल त्यांच्यासाठी पेशी सुट्या करून परत गोळा करायचा प्रयोग ठेवा, गिअरर आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवलेला, पेशींच्या गोळ्यातनं पुन्हा आख्खे हायड्रा उभे राहतात. आदल्या दिवशी खायला घालू नका एवढं लक्षात ठेवा. खायला आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखा बारीक जीव, त्याची अंडी अॅक्वेरियमच्या दुकानात मिळतात, मिठाच्या पाण्यात दीड दिवसात फुटतात, निघालेली पिल्लं घालायच्या आधी गोड्या पाण्यात धुवायची, आणि खाऊन झाल्यावर हायड्राचं पाणी बदलायचं, ते विसरलात तर सगळं कल्चर आजारी पडतं. कल्चर मी पुण्याहून आणतो. कळंब्याच्या तलावात पाणवनस्पतींच्या पानांखाली स्थानिक हायड्रा सापडतोय का तेही पोरांना घेऊन शोधू, तो एक दिवस वेगळाच होईल.

पैशांचं : केंद्र सरकारच्या ‘कार्यशाळा’ नावाच्या योजनेतनं अशा हाय-एंड वर्कशॉपना निधी मिळायचा, आता काय चालू आहे ते बघू, तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून शिक्षकांसाठी रिफ्रेशर कोर्स घेतात तिकडंही प्रस्ताव देता येतो. प्रस्ताव मी लिहायला बसतो तुझ्याबरोबर.

---

सजीव_सृष्टी
मंगळवार, दुपारी १२:००

मला विज्ञानातलं फार कळत नाही पण वाचून एक खटकलं म्हणून विचारते. एवढी अंडी फोडायची, त्यात जीव असतो ना? त्याची परवानगी असते का?

---

काचेची_वाटी
मंगळवार, दुपारी १:४५

बरं झालं विचारलंत. पृष्ठवंशी प्राण्यांवर काम करायचं तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडं जावं लागतं. भ्रूण आपण तीन दिवसांच्या पुढं नेणारच नाही, पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात, तरीसुद्धा किती अंडी, कुठल्या स्टेजपर्यंत, शेवटी काय करणार हे लिहून आधी समितीपुढं ठेवायचं असं मी धरूनच चाललेय. युजीसीच्या सूचनांनंतर डिसेक्शन कॉलेजांतनं बंद झालं, त्यामागची भावना मला मान्य आहे. म्हणूनच हायड्रा आणि माशी जास्त, चिक मोजका, आणि एकेका अंड्यातनं जितकं शिकता येईल तितकं शिकायचं. पहिले दिवस हायड्रावर हात बसवून मगच चिककडं जायचं.

---

आयव्हीएफ_लॅबमधून
मंगळवार, रात्री ९:२०

मी कोल्हापुरातच एका आयव्हीएफ सेंटरला एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. इथं कुणीतरी विचारेल की याचा नोकरीला उपयोग काय, म्हणून लिहितेय.

माझं रोजचं काम म्हणजे इक्सी, मायक्रोमॅनिप्युलेटरवर एकेक शुक्राणू उचलून अंडपेशीत सोडायचा, मग भ्रूणाची रोज ग्रेडिंग, व्हिट्रिफिकेशन म्हणजे भ्रूण गोठवून ठेवणं. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्र) कायद्यानंतर क्लिनिकमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्टची पात्रता ठरवून दिलेली आहे, म्हणजे हे आता कुणीही करायचं काम राहिलेलं नाही. आमच्याकडं मुलाखतीला मुलं येतात, मार्क उत्तम, थिअरी उत्तम, आणि पिपेट धरली की हात थरथरतो. तो दोष त्यांचा नाही, त्यांना कुणी कधी धरायलाच दिलेली नसते. मी स्वतः शिकले ते आधी प्राण्यांच्या भ्रूणांवर तास न् तास बसून, माणसाच्या भ्रूणावर सरावाची मुभा कुणाला नसते आणि नसावीच.

एक सूचना, बसायची पद्धत पहिल्या दिवशी शिकवा. खुर्चीची उंची, कोपर टेबलावर टेकलेलं, मनगट टेकलेलं, हालचाल फक्त बोटांची. एक संध्याकाळ मी यावर घेते.

---

उद्यमनगर_लेथ
बुधवार, सकाळी ९:४०

ते रिंगचं माप सांगा. काचेच्या रिंगा बाहेरनं मागवायच्या तर वेळ जाईल, स्टेनलेसच्या चालत असतील तर मी लेथवर काढून देतो.

---

काचेची_वाटी
बुधवार, सकाळी १०:०५

चालतात दादा! आतला व्यास २५ मिमीच्या आसपास, उंची ३-४ मिमी, कडा एकदम गुळगुळीत, जरासुद्धा बर (कापल्यावर राहणारी धातूची खरखरीत कड) राहिली तर पटल फाटतं. तेलाचा अंश राहता कामा नये, ते आम्ही परत धुऊन उकळून घेऊच. तीस नग मिळाले तर प्रत्येकाला दोन आणि वर शिल्लक.

---

हुपरी_चांदी
बुधवार, दुपारी ३:२५

वरती चिमटे सांभाळण्याचा विषय आलाय म्हणून लिहितो. बहिणीच्या लॅबमधला तो बारीक टोकाचा चिमटा मी बघितलाय, घड्याळजींचाच प्रकार तो. टोक वाकलं की लॅबवाले नवीन मागवतात आणि ते महाग पडतात. आमच्या चांदीकामात असली टोकं आम्ही तेलाच्या दगडावर लावून, भिंगाखाली बघून सरळ करतो. दोन्ही पाती मिटवून एकत्र घासायची, एकेक घासली तर लांबी कमी-जास्त होते. वापरून झालं की टोकावर बारीक नळीचा तुकडा घालून ठेवायचा. शिकवायला येऊ शकतो, एक दुपार पुरे.

---

निवृत्त_झूऑलॉजी
बुधवार, दुपारी ४:५०

हुपरीकर, जरूर या. पहिल्या दिवशी माझ्याबरोबर तुमचंच नाव लावतो.

---

एमएस्सी_पार्ट_टू
बुधवार, संध्याकाळी ७:१०

ताई माशीचं काय काय करायचं? आमच्याकडं केळ्यावर माश्या खूप येतात त्या चालतात का?

---

काचेची_वाटी
बुधवार, रात्री ८:३०

त्यातली कुठली जात आहे ते आधी ओळखावं लागतं, ती ओळखणं हेच एक छान प्रॅक्टिकल आहे, पण कामासाठी लॅबचा स्टॉक आणू. खाद्य आपणच शिजवायचं, मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगर, बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिऑनिक ॲसिड. २५ डिग्रीला अंड्यापासून माशी व्हायला दहा दिवसांच्या आसपास लागतात म्हणून बाटल्या आधीच लावून ठेवायच्या. कोर्समध्ये तिसऱ्या अवस्थेतली, बाटलीच्या भिंतीवर चढलेली अळी घ्यायची, मधोमध तोडून पुढचा अर्धा भाग घ्यायचा, एका चिमट्यानं तोंडाचे हुक पकडून आत ढकलायचे, दुसऱ्यानं कातडं त्यावर ओढायचं आणि मोजा उलटा करतो तसा तो भाग आतला बाहेर करायचा, की पंखाच्या, पायाच्या डिस्क समोर. ज्यातनं पंख होणार ती चपटी पिशवी अळीच्या अंगात आधीपासून तयार असते हे स्वतःच्या चिमट्यानं काढून बघितलं की मेटामॉर्फोसिस वेगळ्याच रीतीनं कळतं.

आता ठरलेलं लिहिते, चुकलं तर सांगा. दिवाळी सुट्टी, भाऊबीजेनंतर, दहा दिवस. बारा जागा, चार एमएस्सी, चार पीएचडी, चार तासिका तत्त्वावरचे शिक्षक. पहिला दिवस सुया, काच, चिमटे आणि बसणं. मग हायड्रा, माशी, चिक, आणि शेवटचे तीन दिवस स्वतःचा प्रश्न. संध्याकाळची लेक्चरं खुली, @आयक्यूएसी_वाला सर, त्याची नोंदणी आणि अहवाल तुम्ही बघाल का? तुमच्याइतकं ते कुणाला जमणार नाही. स्टिरिओ कमी पडतात, प्रत्येक कॉलेजात एक-दोन कपाटात असतात, आपापल्या विभागप्रमुखांना विचारून कळवा. जागेसाठी दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत, जिथं हॉस्टेल लॅबला लागून मिळेल तिथं करू, पहाटे १ ला अंडी लावायला चालत जाता आलं पाहिजे.

---

आयक्यूएसी_वाला
बुधवार, रात्री ९:१५

बघतो. खुल्या लेक्चरची पद्धत मला पटली. आमच्याकडं तीन स्टिरिओ आहेत, त्यातला एक दुरुस्तीला, दोन नक्की देता येतील.

---

तासिका_तत्त्वावर
बुधवार, रात्री ९:३०

माझं नाव लिहा. पहिलं.

---

काचेची_वाटी
बुधवार, रात्री ९:४०

लिहिलं. @हॅचरीवाला_वडगाव दादा, अंडी दोन खेपेत लागतील, चिक सुरू व्हायच्या तीन दिवस आधी एक आणि त्यानंतर चार दिवसांनी दुसरी. कुठल्या वेळी घ्यायला येऊ?

---

हॅचरीवाला_वडगाव
बुधवार, रात्री १०:२०

सकाळी सातच्या आत या, ऊन चढायच्या आधी. ट्रे तुमचे आणा, अंड्याचं रुंद टोक वर ठेवून नेता येतील असले. आणि मोटरसायकलवर नको, चारचाकी आणा.